कपाळपट्टीचा काठ

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापूस सगळ्यांच्या तोंडी होता, अंगावर मात्र कुणाच्याच धड नव्हता. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतलं बोंड न बोंड गाड्यांत भरून मुंबईकडे चाललं होतं. अमरावतीच्या बाजारात साधं पांढरं कापड मागितलं तर दुकानदार असं बघायचा, जणू त्याची लेकच मागितली.

माझी माय व्यापाऱ्याच्या आवारात रेच्यावर बसून कापसातली सरकी काढायची. ती विधवा, आणि मीही. बाप मला आठवतही नाही. नवरा अकोल्याला पटकीनं गेला तेव्हा मी न्हातीधुतीही नव्हते. मायनं मला सासरहून आणलं आणि आवारात पोरीबाळींना गाडीवाल्यांचा त्रास नको म्हणून भिंतीपलीकडे ख्रिस्ती सिस्टरांच्या घरात दिवसभर बसवू लागली. तिथे मी अक्षरं शिकले, शिवण शिकले, पुढे मायच्याच संमतीनं बाप्तिस्मा घेतला. मायला वाटलं, पोर सावलीत आहे, बरं आहे. पोर तिथेच राहायचं म्हणेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती माझ्यासाठी पाट लावायला स्थळ बघत होती. चांदूरकडचा कुणी बिजवर, घरी दोन बैलजोड्या. मी नाही म्हटलं आणि मायनं अबोला धरला. माझी माय भांडायला लागली की आवारातले बैलही कान टवकारायचे, त्यामुळे तिचा अबोला मला शिव्यांपेक्षा जड गेला.

व्रत घेण्याआधी जी उमेदवारी करते, तिला नोव्हिस म्हणतात. आम्ही दोघी होतो: मी आणि अचलपूरच्या छावणीतल्या शिपायाची मुलगी. ती तोंडानं फाटकी, हातानं गुणी. नोव्हिस होण्याच्या विधीत मुलीला आधी नवरीसारखं नटवतात, मग केस कापतात, पांढरा झगा, पांढरी ओढणी देतात आणि कपाळावर पांढरी पट्टी बांधतात. मदर, म्हणजे आमच्या मुख्य, परदेशातल्या. त्यांना हे सगळं फार गोड वाटायचं. पाद्रीबाबांनी मात्र अट घातली: माझी माय सर्वांसमक्ष हो म्हणेल तरच ते शेवटचा आशीर्वाद देतील. नाही म्हणाली तर मी त्याच दिवशी तिच्यासोबत परत. मला हे घर हवं होतं आणि मायही हवी होती. दोन्ही एकाच बाईच्या एका शब्दावर टांगलेलं.

विधी कसा होतो ते ऐकायला माय एका दुपारी आली. पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले, पाय धुळीनं भरलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मडमबाई, लगन कोनासंगं म्हनता?"

मदर म्हणाल्या, "प्रभू येशूके साथ."

"तो तं मेला व्हता ना?"

"मरके जी उठा. अभी जिंदा है. हमेशा."

"मंग नवरा जित्ता असतानी पोरीचं कपाळ पांढरं काऊन करून राह्यल्या तुमी?"

मदरनी गळ्यातला क्रूस उचलून दाखवला.

"थे मंगळसूत्र झालं," माय म्हणाली. "म्या कपाळाचं इचारलं."

मदरनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. पांढऱ्या कपाळाची बाई म्हणजे आमच्याकडे काय, हे त्या परदेशी बाईला कसं सांगावं? मीच त्या कपाळाची होते. माय उठली. "येईन. कपाळ पाहीन. मंग सांगीन," एवढंच बोलली.

विधीला आठवडा उरला, तरी आमच्या कपड्यांचं कापड आलं नव्हतं. झगे जुने उसवून झाले, पण पट्टीला पांढरं निघेना. तेवढ्यात मायकडून एक गाठोडं आलं. मामाच्या शेतातला कापूस तिनं व्यापाऱ्याच्या नजरेआड कणगीत दडवला होता, स्वतः कातला होता आणि कोष्ट्याकडून वीतभर रुंदीची पट्टी विणून घेतली होती. पांढरीशुभ्र, मऊ. आणि एका कडेला बोटभर लाल काठ. ते सूत तिनं घरीच रंगवलं होतं.

विधवेच्या हातानं नवरीला कुंकू लावायचं नसतं. मायनं ते काठात घालून पाठवलं होतं. मला गाठोड्यात तोंड खुपसून रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

"लाल? नियम में लाल नहीं है," मदर म्हणाल्या. पण पट्टी त्यांनी परत ठेवली नाही. हातात धरून बसल्या, काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग माझ्या सोबतिणीला म्हणाल्या, "अंदर मोड दो." नियमात बाहेरचं लिहिलंय, आतलं नाही, असंही वर पुटपुटल्या. त्या दिवसापासून मी त्या बाईला जीव लावला.

विधी चैत्रात होता. पत्र्याच्या प्रार्थनाघरात नुसती भट्टी पेटलेली. माय दाराशी, उंबऱ्याबाहेर बसली. शुभकार्यात पुढे यायची तिला सवयच नव्हती. केस कापले तेव्हा तिनं डोळे मिटले. पट्टी बांधली तेव्हा उघडले. पांढरी पट्टी बघून तिचा चेहरा पडला. काठ आत आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी ओरडून कसं सांगू?

मग घामानं माझं काम केलं. करडईच्या फुलांचा तो कच्चा रंग. घरी रंगवलेलं सूत, पक्कं कसं असणार? प्रार्थना लांबली, घाम भुवयांवर आला, आणि कपाळाच्या मधोमध, पट्टीतून, लाल डाग उमटला. मला दिसत नव्हता. लोकांच्या माना वळल्या त्यावरून कळलं. पाद्रीबाबा ओळ चुकले. मदर हलल्या नाहीत. माझी सोबतीण घाबरून ओल्या फडक्यानं पट्टी टिपायला धावली.

तेवढ्यात माय उंबरा ओलांडून आत आली. थेट पुढे. तिनं सोबतिणीचं मनगट धरलं.

"पुसू नोको, पोरी. एकडाव हिचं पुसलं व्हतं म्या. अकोल्याले. माह्याच हातानं."

मायनं माझं कपाळ नीट पाहिलं, जवळून, कापसातली सरकी निरखावी तसं. अबोला धरल्यापासून तिनं मला हात लावला नव्हता. तो हात आता माझ्या गालावर होता, रेच्यानं घट्टे पडलेला. मग ती पाद्रीबाबांकडे वळली.

"देल्ली म्या," ती म्हणाली. "आता द्या तुमचा आशीर्वाद. पोर तापल्या पत्र्याखाली उभी हाय."