बेटावर आलेला वंचकांचा पाहुणा

दारूबंदी नुकतीच लागली होती. वसईच्या खाडीतल्या आमच्या बेटावर त्या दिवसांत होडीतून अनोळखी माणूस उतरला, की कुत्रीसुद्धा आधी त्याचे बूट बघत. पोलिसाचे बूट त्यांना पाठ होते.

श्रावणात एकजण उतरला. अनवाणी. म्हणजे जास्तच संशयास्पद. गळ्यात दुर्बीण, आणि ती एवढी दांडगी, की तिच्यातून वसईतल्या कुठल्या घरात कालवणाला मीठ कमी पडलंय तेही दिसावं.

"तुमच्या बेटावर वंचक फार आहेत असं ऐकलं," तो म्हणाला. "तेच बघायला आलो."

काकीने मला कोपऱ्यात ओढलं. तिची हातभट्टी मागच्या चिंचेखाली होती आणि काका गेल्यापासून घराची चूल त्या भट्टीवरच पेटत होती.

"काय बघाया आलाय?"

बेटावर मराठी सातवी पास झालेला मी एकटा. "वंचक म्हणजे लबाड, ठग," मी सांगितलं.

"सगले बघनार? मंग दिवालीपर्यंत इथंच ऱ्हातो म्हन की."

पाहुणा समजावत होता, "बसलेला असला की चिखलात चिखल. उठला की पांढराशुभ्र. जात्याच फसवा."

मी त्या दिवशी नेमका धुतलेला पांढरा सदरा घातला होता. बसूनच राहिलो.

"त्यांना त्रास द्यायचा नाही," तो म्हणाला. "उलट त्यांना कुणी मारू नये, एवढीच माझी खटपट."

"पोलीस पयलं असंच बोलतो," काकी पुटपुटली.

मग मी त्याला बेट दाखवायला नेलं. चिंच सोडून सगळं दाखवलं. खाडीकाठच्या एकाच तिवराच्या झाडाला चार बाजूंनी चार तिवरं म्हणून दाखवलं. पण परतताना चिंचेवरून एक मळकट पक्षी उठला आणि पंख उघडताच दुधासारखा पांढरा झाला.

"तो बघा वंचक," पाहुणा हरखून म्हणाला.

"ही तं ढोकरी," काकी म्हणाली. पण तो चिंचेकडे निघालाच होता. ती आडवी उभी राहिली. "वर पिलं हायेत. मानूस गेला तं आई पिलं टाकून जाते. मी कोनाला जाऊ देत नाय."

त्याने चक्क हात जोडले. "असंच राखा, काकी." मग नाक वर करून हुंगलं. "गुळाचा वास येतोय."

"ढोकऱ्यांच्या शिटेचा."

"असेल."

होडी सुटली तेव्हा त्याने दुर्बीण लावली. चिंचेकडे नाही, आमच्याकडे. ओरडून म्हणाला, "तुमचे वंचक फार आवडले."

त्यानंतर चिंचेखाली बेचकी घेऊन येणाऱ्या पोरांना काकी काठी घेऊन पिटाळायची. ढोकऱ्या एवढ्या वाढल्या, की फांद्या जमिनीला टेकल्या. आणि होडीचा आवाज आला की ती मला विचारायची, "तो आपल्याला म्हनला की ढोकरीला?"

मी सातवी पास. पण हे मला अजून सांगता येत नाही.