गोलाकडं पाठ

माह्या पोरीनं किती गोल अडवले थे सारा गाव सांगते. मीच सांगू नाई शकत. दहा-बारा वर्सं मी तिच्याच मागं उभा राहिलो, पण गोलाकडं पाठ करून.

पोरींचा फुटबॉलचा क्लब निघाला तवा मैदान नव्हतं. धान कापलं का पोरी वावराच्या बांधीतली धसकटं उपटत अना तिथंच खेळत. धानाचे रोवणे लागले का खेळ बंद, त्याच पोरी चिखलात वाकून. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या होत्या, पवारांच्या मोहल्ल्यातल्याही होत्या. शिकवणारी मॅडम गोंदियाची, हिंदी बोले. मी शाळेत गेलो नाई, दुसऱ्या कोणत्या कामाचाही नाई, म्हून सगळ्यांच्या पाण्याचा ड्रम माह्याकडं.

दवनीवाड्याच्या पहिल्या मॅचले मी गोलामागं उभा होतो. बॉल आला, तं पोरीच्या आधी मीच उडी मारली अना बोंबललो. पोरगी माह्याकडं पाहत राहिली, बॉल तिच्या पायातून गेला. पुढच्या मॅचले तसंच. मंग मॅडम म्हणे, "काका, आप उधर मुँह करके खड़े रहो."

मी तोंड फिरवलं. आमी जितलो. झालं, मी कायमचा पनवती.

पण पाठ करून उभं राहणं सोपं नाई बाप्पा. मी ड्रमाभवती फिरत राहो, झाकण काढो, झाकण लावो, अना पाठमोराच पोरीले विचारो.

"काय झालं वो?"

"कायी नाई. बॉल तिकडं हाये."

"आता?"

"आला. बोलू नोको."

मंग धप्प.

"पकडला का?"

"मंग काय सोडू?"

नागऱ्याच्या मॅचले लोकं वरडले तं मी ड्रम बडवून नाचलो. पोरगी हळूच म्हणे, "बाबा, आपल्यावर झाला गोल."

पोरी भंडारा जितल्या, नागपूर जितल्या. कप ठेवाले जागा नाई, तं धानाच्या कोठीवर ठेवले. पोरींची चड्डी पाहून नाक मुरडणारे आता मॅचले जावाले ट्रॅक्टर देऊन राहिले. माही पोरगी खेळावरून पोलिसात लागली. गाव पेढे खाऊन राहिला अना मी हातातला पेढा ड्रमाच्या झाकणावर ठेवून देला. पोरगी चालली, अना मी तिले एक बॉल अडवताना पाह्यलं नाई.

तिची शेवटची मॅच देवरीले, फायनल. बरोबरी झाली, पेनल्ट्या लागल्या. मी ड्रमाभवती फिरून फिरून गवत बसवलं.

"बाबा."

"हं."

"हा अडला तं आपण जितलो. फिर इकडं."

"नाई बा. मॅडम मारन मले."

"मॅडमले म्या सांगतलं. फिर म्हटलं ना."

मी फिरलो. पोरीची पाठ दिसली, पसरलेले हात दिसले. समोरची पोरगी पळत आली. अना माहे डोळे मिटले. मी नाई मिटले, थेच मिटले.

धप्प.

उघडून पाह्यलं तं आमच्या साऱ्या पोरी तिच्या अंगावर. त्या ढिगातून तिनं मान काढली.

"पाह्यला का?"

"पाह्यला ना."

"कोणत्या हातानं अडवला?"

"दोन्ही."

"पायानं अडवला म्या."

दुसऱ्या दिवशी तिची बस होती. सकाळी ट्रंक बांधली, मंग मले बांधीत नेलं. बॉल माह्या पुढं ठेवला अना मागं जाऊन हात पसरून उभी राहिली.

"मार. अना डोळे उघडे ठेव."

मी साऱ्या ताकदीनं मारला. बॉल तिथंच राहिला, चप्पल उडाली. थे तिनं आडवी होऊन, दोन्ही हातांनी पकडली.

तेवढं मी पाह्यलं.