‘कुणी हातही लावलेला नाही!’

पनवेलला बाबांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एका बरणीत फक्त खराब स्क्रू असतात. डोक्यावरची फुली घासून इतकी गुळगुळीत झालेली, की स्क्रूड्रायव्हर नुसता गोल फिरतो. बाबा असा स्क्रू काढतात आणि बरणीत टाकतात. बरणी दर वर्षी भरते, आणि किस्से तर तिच्यात मावतच नाहीत.

शाळा सुटली की मी तिथे तक्रारवही लिहायला बसते. मी फारशी बोलत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे. एकच प्रश्न विचारायचा असतो, ‘आधी कुणी उघडलं होतं का?’

ड्रायव्हर मात्र मला मिळत नाही. सातवीत असताना मी चुकीचा ड्रायव्हर लावून एका रेडिओचा स्क्रू घालवला आणि लगेच कबूलही केलं. बाबा म्हणाले, “स्क्रू खराब होत नाही, केला जातो. करणाऱ्याला माझ्या टेबलावर जागा नाही!” आता मी दहावीत आहे. जागा अजून नाही.

*

कामोठ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी सेट-टॉप बॉक्स घेऊन आले. दोन स्क्रू पार गेलेले.

“आधी कुणी उघडलं होतं का?”

“छे! कुणी हातही लावलेला नाही.”

बाबांनी बॉक्स नाकाजवळ नेला. “लसणाची चटणी आहे, साहेब. सुरी धुऊन तरी घ्यायची.”

सेक्रेटरी गंभीर झाले. “कंपनीतूनच तसा आला असेल. हल्ली क्वालिटी राहिली नाही!”

*

विचुंब्याच्या नव्या टॉवरमधले एक इंजिनिअर आले. त्यांनी व्हिडिओ बघून आधी रबरबँडचा उपाय केला होता. म्हणजे स्क्रूवर रबर ठेवायचा आणि वरून ड्रायव्हर दाबून फिरवायचा. तो फसला, म्हणून त्यांनी ड्रायव्हर स्क्रूला झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवला.

स्क्रू हलला नाही. ड्रायव्हरही निघाला नाही. लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांवर धरून आणला होता, वर ड्रायव्हर ताठ उभा, केकवरच्या मेणबत्तीसारखा.

मी विचारलं, “आधी कुणी उघडलं होतं का?”

ते म्हणाले, “नाही.”

मी ड्रायव्हरकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

“हां, तो तेवढा जपून काढा. ऑफिसचा आहे!”

*

खरं बोलणारं गिऱ्हाईक मी एकदाच बघितलं. करंजाच्या एक मावशी मासळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आल्या. खाऱ्या पाण्याने स्क्रू गंजलेले, वरून खरवडलेले.

“आधी कुणी...”

“मीच खोलला! कोयत्यानं. नाय निघाला, म्हनून तर आनलाय. निघाला असता तर तुमच्याकडं कशाला आली असती?”

बाबा जागेवरून उठले. मावशींना स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. गरम सोल्डरिंग गनने स्क्रू तापवून काढेपर्यंत त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी हळूच म्हटलं, “बाबा, मी पण खरं सांगितलं होतं.”

“तू गिऱ्हाईक नाहीस,” बाबा म्हणाले.

*

मग आमच्याच शाळेचा ॲम्प्लिफायर आला. सोबत मुख्याध्यापक, पीटीचे सर आणि विज्ञानाच्या बाई. मी वहीत तोंड खुपसलं.

एकच स्क्रू होता. पीटीच्या सरांनी त्यावर जोर लावला होता. बाईंनी फळ्यावर घर्षण समजावलं होतं. शिपाईकाकांनी पक्कड लावली होती.

“आधी कुणी उघडलं होतं का?” मी वहीलाच विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, “कुणा एकाचं नाव नको. लिही, नैसर्गिक झीज.”

मी लिहिलं. बाई वाकून म्हणाल्या, “‘नैसर्गिक’ शुद्ध लिहिलंस हो. छान!”

*

गेल्या सोमवारी दुकानात आई आली, गिऱ्हाइकासारखी काउंटरच्या बाहेर उभी राहिली. तिने घरची इंडक्शन शेगडी उलटी करून ठेवली. चारपैकी तीन स्क्रू गुळगुळीत! शेजारी तिने ब्रेडला लोणी लावायची आमची सुरी ठेवली. टोक वाकलेलं.

“काल मी भाजी आणायला गेले होते,” आई म्हणाली. “तासाभरात आले. घ्या लिहून.”

बाबा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले.

मी वही उघडली. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने विचारलं, “आधी कुणी उघडलं होतं का?”

आई फक्त टेबलाखाली बघत राहिली.

बऱ्याच वेळाने बाबा वर आले. त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली, खणातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला.

“बस. तूच काढ,” ते म्हणाले. “आणि वहीत लिही, कुणी हातही लावलेला नाही.”