साखर पेठेतलं त्रैक्य

राहेलबाईला कायम करायचं की घरी पाठवायचं, एवढाच विषय कमिटीपुढे होता. तिला घर नव्हतं, पण ठरावात तोच शब्द वापरायची पद्धत होती.

मी त्या वेळी सोलापूरच्या एका मिशनमध्ये बायबलबायांची सुपरिंटेंडंट होते. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी पगारी बाई. पुरुष पाळकाला माजघरात जाता येत नाही, म्हणून हे काम. राहेलबाई वैरागची, विधवा. बाप्तिस्मा घेतल्यावर दिराने तिला बाहेर काढलं होतं. उमेदवारी संपत आली होती. कायम झाली तर कंपाउंडातली खोली तिची राहणार होती. नाही तर त्याच दिराच्या दारात उभं राहायचं.

तक्रार मडमसाहेबांची, म्हणजे मिशनच्या गोऱ्या बाईंची होती. त्या राहेलबाईबरोबर साखर पेठेत नरसव्वा नावाच्या विणकर बाईच्या घरी गेल्या होत्या. नवरा मागावर, ही सुताच्या कांड्या भरत बसलेली. तिने हात न थांबवता विचारलं, तुमचे देव तीन की एक? राहेलबाईने पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं: देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे वेगळे, तरी तिघे मिळून तोच एक देव. यालाच आम्ही त्रैक्य म्हणतो. नरसव्वाला काही कळलं नाही. कोनाड्यात दत्ताची तसबीर होती. राहेलबाईने तिकडे बोट दाखवलं. "आता ह्यो बघ की. तोंडं तीन, अंग एक."

नरसव्वाला लगेच कळलं. ती खूश होऊन उठली आणि मडमसाहेबांपुढे कुंकवाचा करंडा धरला.

कमिटीत आम्ही तिघं: मडमसाहेब, पाळकसाहेब आणि मी. मडमसाहेबांना राग तसबिरीचा आणि करंड्याचा होता. पाळकसाहेबांची हरकत जास्त खोल होती. ते आपल्याच भागातले, वाचन दांडगं. ते म्हणाले, एका अंगाला तीन तोंडं म्हणजे एकाच देवाने तीन सोंगं घेतली, असा अर्थ होतो. हे मत मंडळीने, म्हणजे चर्चने, फार पूर्वी टाकून दिलं. "आणि खरा सिद्धांत मंडळी पहिल्यापासून मानत आली आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" मी विचारलं. मला वाद घालायचा नव्हता. एका बाईची नोकरी जायची, तर कारण नीट लिहिलेलं असावं, इतकंच.

पाळकसाहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी कपाटातून जुन्या ख्रिस्ती लेखकांच्या इंग्रजी भाषांतरांचे खंड काढले. हे लेखक पहिल्या तीनेकशे वर्षांतले. ते वाचून मराठीत सांगत गेले, मी ऐकत गेले. तीन नावांनी बाप्तिस्मा सगळीकडे होता. ख्रिस्ताला देव म्हणून भजणंही होतं. पण एक जण पुत्राला पित्याच्या खालच्या पायरीवर बसवत होता. दुसरा पवित्र आत्म्याबद्दल ओझरतं बोलून पुढे जात होता. त्रैक्य हा शब्द अगदी सुरुवातीच्यांकडे नव्हताच. ज्याने तो लॅटिनमध्ये रुळवला, तो समजावताना सूर्य आणि किरण, झरा आणि ओढा असले दाखले देत होता. आज आपण म्हणतो ती नेमकी वाक्यं बिशपांनी सभा भरवून ठरवली, ती त्यानंतर.

"श्रद्धा होती," पाळकसाहेब खंड मिटत म्हणाले. "व्याख्या नव्हती."

मी म्हटलं, मग आपण एक करू. प्रत्येकाने नरसव्वाला समजेल असं त्रैक्य सांगून पाहू, पाठ केलेलं न म्हणता. मडमसाहेबांनी पाणी, बर्फ आणि वाफ सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, एकच वस्तू आणि तीन रूपं, म्हणजे हा दत्तच झाला. मग त्यांनी स्वतः सूर्य आणि किरण सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. किरण सूर्याहून धाकटा ठरतो, म्हणजे पुत्र पित्याच्या बरोबरीचा राहत नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं. माझी पाळी आली तेव्हा मी मला येत नाही असं सांगितलं.

"पण ते लेखक चाचपडत होते," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांच्यापुढे ठरलेले शब्द नव्हते. राहेलबाई दर रविवारी ते शब्द म्हणते. तिला ती सवलत कशी द्यायची?"

मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं:

"राहेलबाई रविवारी म्हणते, साहेब. नरसव्वा म्हणत नाही. ती अजून त्या लेखकांच्याच काळात बसली आहे. तिच्याशी बोलायला कुणीतरी तिथे जायला नको का?"

मडमसाहेबांनी करंड्याची गोष्ट पुन्हा काढली. पाळकसाहेब म्हणाले, तो राग खरा आहे, पण तो सिद्धांताच्या खात्यात लिहिता येणार नाही. मडमसाहेबांनी ठरावाचा कागद पुढे ओढून सही केली.

राहेलबाईला आत बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली, पदर घट्ट धरून. कायम केलं, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. अट एकच: यापुढे दाखले द्यायचे नाहीत, दत्ताचा नाही आणि दुसरा कसलाही नाही.

"बरं साहेब. पर तिनं इचारलं, तिघं असून एक कसं, तर काय सांगू?"

"सांगायचं," पाळकसाहेब म्हणाले, "तसं आहे एवढं मला ठाऊक आहे. कसं ते मलाही उलगडत नाही."

"तेवढं चालतंय व्हय?" राहेलबाई म्हणाली. "मंग मला कवाच येत हुतं की."

नरसव्वा ख्रिस्ती झाली नाही, पण तिने राहेलबाईला दार कधी बंद केलं नाही. मडमसाहेब पुन्हा त्या घरी गेल्या नाहीत. मी मात्र एक नियम करून घेतला. उमेदवाराला विचारायचा प्रश्न आधी कमिटीने सोडवून दाखवायचा. त्यानंतर आमच्या परीक्षा बऱ्याच सोप्या झाल्या.