मामांनी फेल केलेला भोंगा

जबलपुरात आजवर जितक्या चांगल्या वस्तू मोडल्या, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या वहिनीच्या मामांनी मोडल्या असतील, आणि त्याही मुद्दाम. मामा दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होते. वस्तू फुटेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला रिवाज त्यांनी खुशाल घरी आणला. नव्या कपांत उकळतं पाणी ओतायचं आणि तडकलेले कप दुकानदारापुढे नेऊन आपटायचे. सराफ्यात तर वहिनीच्या मंगळसूत्राची साखळी त्यांनी दुकानातच ताणून तोडली आणि वर सराफालाच दम भरला, "क्यों भैया, शादी के पहले टूटी वो अच्छा, कि बाद में?" वहिनी रडत होती. मामा म्हणाले, "फेल."

अशा माणसाकडे आपण होऊन जाण्याची दुर्बुद्धी मला युद्धाच्या दिवसांत झाली. मी इंजिनिअरिंगला होतो. वीज गेली तरी हवाई हल्ल्याचा इशारा देता यावा, म्हणून आमच्या गटाने हाताने फिरवायचा भोंगा बनवला होता. रविवारी तो प्रदर्शनात मांडायचा होता, आणि त्याआधी बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्या, असं सरांनी बजावलं होतं. मामांनी कॉलेजात यायला साफ नकार दिला. "माझ्या अंगणात आण. तिथंच पाहू."

अधारतालच्या त्या घरात मामा पाळीवर गेले की मामी एकट्या असत, आणि मामींना ऐकू फार कमी येई. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवू, असं मी म्हटलं, तर मामा उखडले. "सांगून वाजवला तर टेस्टिंग काय राहिलं?" त्यांनी हँडल असं काही फिरवलं की अख्खी आळी पोरंबाळं उचलून खंदकात उतरली. शेजारचे पंडितजी तर गालाला दाढीचा साबण तसाच घेऊन. मी हरखून गेलो. मामा मात्र हँडल माझ्या हाती देऊन, "थांबू नको," म्हणत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत मामी पाटावर बसून निवांत तांदूळ निवडत होत्या.

"फेल," मामा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, सारा मोहल्ला खंदकात आहे."

"मोहल्ल्याले कान आहेत. मी पाळीवर गेलो का हिले कोण उठवते?"

तेवढ्यात नागरी संरक्षणाचे वॉर्डन आले. युद्धात खोटा भोंगा वाजवला म्हणून ते भडकले. मामा त्यांच्याहून जास्त भडकले, "पहले ये बताओ, लोग खंदक में इतनी देर से काहे उतरे?" या भांडणात भोंगा जप्त झाला. रविवारी आमच्या टेबलावर नुसता पुठ्ठ्याचा फलक होता. आजही आठवलं की डोकं फिरतं.

त्या रविवारीच संध्याकाळी मामांनी बोलावलं. मी भांडायला म्हणून गेलो आणि दोरी बांधत बसलो. पंडितजींच्या खिडकीतून, अंगणावरून, थेट मामींच्या पाटापर्यंत. शहराचा खरा भोंगा वाजला की पंडिताइनने ती ओढायची. मामांनी ओढून पाहिली. पाट हलला, मामी दचकल्या, तांदूळ सांडले आणि त्या मामांना नाही नाही ते बोलल्या.

"पास," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

युद्ध संपलं, दोरी तशीच राहिली. मामा अंगणातून ओढत आणि आतून चहा येई. मामी गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसले होते. बोलता बोलता त्यांनी हात वर करून दोरी ओढली. आत रिकामा पाट फरशीवर खडखडला.

"टेस्टिंग," ते म्हणाले, आणि माझ्यावरच खेकसले, "काहून पाहून राहिला?"