कडक दांडा, मध्यम दांडा

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. गाव शिंदखेड्याजवळ, पदवी धुळ्याच्या कॉलेजातली, भौतिकशास्त्राची. त्या पदवीवर मला जळगावात लोखंडी नळ्यांच्या एका कारखान्यात शिकाऊ तपासनिसाची जागा मिळाली. मोठ्या साहेबांनी स्वतः मुलाखत घेतली होती. ना ओळख, ना कुणाची चिठ्ठी. "शिकलेला दिसतोस, लाग कामाला," एवढंच ते म्हणाले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि तालुक्यातले कितीतरी पदवीधर घरी बसून होते. साहेबांचे उपकार मी कधी विसरलो नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

शिकाऊ माणसाला कारखान्याची खोली मिळत नसे, ती कायम झाल्यावरच मिळे. माझ्या खोलीवर माझ्या धाकट्या बहिणीचं सगळं अडलं होतं. ती बारावीला माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाली होती आणि तिला बी.एस्सी. करायचं होतं. धुळ्याला एसटी होती, पण परतीची गाडी चुकली तर पोरीने रात्री कुठे जायचं, या प्रश्नापुढे वडील काही ऐकत नसत. वसतिगृह तर नकोच. भावाची जळगावात खोली झाली तर तिने खुशाल शिकावं, नाहीतर उन्हाळ्यात स्थळ बघायचं, असं घरात ठरलं होतं. मी गावी गेलो की ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि वडील ऐकणार नाहीत अशा आवाजात विचारायची, "भाऊ, खोली भेटनी का?"

मी कायम होण्याची वेळ जवळ आली होती. तेव्हाच एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलाला एक लांबडी कातडी पिशवी टेकवलेली होती आणि तिच्यातून लोखंडी तोंडाच्या काठ्या डोकावत होत्या.

"नळ्या रोज तूच वाकवून बघतोस ना?"

"हो साहेब."

"मग हे दांडे बघ. सगळे बदलायचेत. कोणते घालायचे ते तू ठरव."

मी गोल्फ कधी पाहिलेलं नव्हतं. साहेब महिन्यातून एकदोन रविवारी धुळ्याला खेळायला जातात, एवढंच ऐकून होतो. या काठ्या त्यांना त्यांच्या सासऱ्यांकडून मिळालेल्या होत्या. एका पावसाळ्यात त्या गोदामात पडून राहिल्या, दांडे आतून गंजले आणि एक खेळताना तोंडाजवळच मोडला. साहेबांचे मेव्हणे सिंगापूरला होते, ते नवे दांडे पाठवणार होते. कोणते पाठवू, म्हणून त्यांनी एक इंग्रजी माहितीपुस्तिकाही धाडली होती.

ती पुस्तिका मी शब्दकोश घेऊन वाचली. पोलादी दांडा दिसायला सरळ असला तरी काठी फिरवताना वाकतो आणि चेंडूला लागण्याच्या क्षणी सरळ होतो. हात जोराचा असेल तर दांडा कडक हवा, वेग बेताचा असेल तर मध्यम. वेग कमी आणि दांडा कडक असं झालं तर चेंडू वर उठत नाही, उजवीकडे पळतो आणि हाताला झिणझिण्या येतात. हे मला लगेच समजलं, कारण माझं कामच ते होतं. साहेबांचा एक जुना दांडा मी आमच्या यंत्राच्या पकडीत बसवला, दुसऱ्या टोकाला वजन टांगलं आणि तो किती झुकतो ते मोजलं. तो फारच कडक होता. एखाद्या तरण्या पहिलवानाचा म्हणावा असा.

पण साहेबांचा हात कसा आहे, हे पाहिल्याशिवाय ठरवायचं कसं? मी तसं विचारलं, तर ते खूश झाले. रविवारी मला गाडीतून धुळ्याला नेलं. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर वयाने मोठे, त्यांना सगळे नाना म्हणत.

शहराबाहेरच्या त्या मैदानावर गवत नावालाही नव्हतं. तापलेली, तडे गेलेली जमीन, मधेच बाभळी, आणि चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवती जळकं तेल घालून दाबलेली काळी वाळू. काथ्याच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारायचा. साहेबांचे सोबती निवृत्त अधिकारी, डॉक्टर आणि एक वकील होते. मी कडेला उभा राहून पाहत होतो. साहेबांचे बहुतेक चेंडू खालून जात आणि उजवीकडच्या बाभळीत शिरत. प्रत्येक फटक्यानंतर ते बोटं झटकत.

"काय दिसलं, भाऊ?" नानांनी विचारलं.

"दांडा मध्यम पाहिजे."

"कडक सांग."

"पण कडक चालणार नाही, नाना."

"दांड्याचं नाही, साहेबांचं म्हणतोय मी." नाना गाडीची काच पुसत हसले. "त्यांना कडकच सांग. तुझं सायन्स दे त्या बाभळीत फेकून."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन मोजमापांसह सगळं समजावून सांगितलं. साहेब ऐकून घेत होते.

"म्हणजे मऊ दांडा?"

"मऊ नाही साहेब, मध्यम."

"कारखान्यात मला काय म्हणतात, ठाऊक आहे का?"

"कडक साहेब म्हणतात."

ते मोठ्याने हसले. त्यांना ते नाव आवडायचं. चहा कडक, शर्टाची इस्त्री कडक, शिस्त कडक. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझ्यावर सोडलं. तू म्हणशील ते." मी भारावलो. एवढा मोठा माणूस माझ्या शिक्षणावर भरवसा टाकतो आहे, असं मला वाटलं. आज त्या वाक्याकडे पाहिलं की दिसतं, भरवसा टाकणारा माणूस असं खुर्ची वळवून खिडकीकडे बघत बोलत नाही.

त्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी विझवली. "काठी साहेबनी शे ना? मंग तो सांगस ते आन. तुनं काय जास?"

"ते माझ्यावर सोडताहेत, आबा. मला विचारलंय त्यांनी."

"ईचारतस साहेब लोक," वडील म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, खरं काय शे तेच सांग. तू शिकेल शेस."

मी मध्यम दांडे मागवले.

ते आले तेव्हा प्रत्येकावर एक छोटी चकचकीत पट्टी होती आणि तिच्यावर 'आर' हे इंग्रजी अक्षर, म्हणजे रेग्युलर, मध्यम. जुनी तोंडं सोडवणं सोपं नव्हतं. आत आडव्या पिना होत्या, त्या बारीक ड्रिलने काढल्या, दिव्याच्या ज्योतीने तोंड तापवलं, तेव्हा कुठे दांडे निघाले. नवे दांडे एकेकाच्या लांबीप्रमाणे कापले, इपॉक्सीचा डिंक भरून बसवले आणि सुकेपर्यंत भिंतीला टेकवून ठेवले. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं कुठलं काम केलं नसेल.

पुढच्या रविवारी साहेबांचा पहिलाच चेंडू वर उठला. उठला तो उठतच गेला आणि सरळ रेषेत लांब जाऊन पडला. साहेब काठी खांद्यावर धरून तसेच उभे राहिले, पोरासारखे. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. येताना त्यांनी गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला, पाठ थोपटली आणि म्हणाले, "तुझं कायम झाल्याचं पत्र या महिन्यात काढायला सांगतो. बहिणीचा प्रवेश घेऊन टाक." बहिणीचं मीच त्यांना सांगितलेलं होतं. मी रात्रीच गावच्या पोस्टमास्तरांच्या घरी फोन करून निरोप दिला. बहिणीने कापडी पिशवीत पुस्तकं भरली, असं आई नंतर सांगायची.

त्यानंतर इंदूरहून पाहुणे खेळायला आले. मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. काठ्या कुणी बसवल्या ते दाखवायचं असावं. साहेब चांगले खेळत होते. मधल्या चहाच्या वेळी पाहुण्यांतल्या एका निवृत्त कर्नलने साहेबांच्या पिशवीतली एक काठी सहज उचलली, हलवून पाहिली आणि चष्मा वर करून पट्टी वाचली.

"वा! शहाणे झालात," तो हिंदीत म्हणाला. "मीही बायपासनंतर हेच घातले. आपल्या वयाला आता हेच. जवानांचे दांडे जवानांना!"

सगळे हसले. वकील म्हणाला, "म्हणजे साहेब आता नरम पडले म्हणा की!" पुन्हा हशा झाला. सगळ्यात मोठ्याने साहेब हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला नानांनी "चहा घ्यायचा का?" असं विचारलं, तर साहेबांनी हातानेच पुढे चल अशी खूण केली.

महिना संपला. पत्र आलं ते मुदतवाढीचं, अजून एक वर्ष शिकाऊ. मी केबिनमध्ये गेलो. "ज्ञान आहे तुझ्याकडे," साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले. "पण माणसाची पारख नाही. अजून शिकायला हवं."

"साहेब, बहिणीचा प्रवेश..."

"पुढच्या वर्षी घे. पळून जातंय का कॉलेज?"

नंतर सिंगापूरहून दुसरं पुडकं आलं. कडक दांडे. ते बसवायलाही मलाच सांगितलं. मी बसवले, तितक्याच काळजीने, कारण दुसऱ्या तऱ्हेने काम करायला मी शिकलोच नव्हतो. साहेबांचे चेंडू पुन्हा बाभळीत जायला लागले, असं नाना सांगत. बोटं झटकताना ते आता वाऱ्याला दोष देत. खोली माझ्यानंतर लागलेल्या एका मुलाला मिळाली. तो दांड्यांच्या भानगडीत कधी पडला नव्हता.

उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं, जामनेरकडच्या एका खेड्यात. माणसं वाईट नाहीत. मी दिवाळीला साहेबांच्या घरी पेढे घेऊन गेलो, दर वर्षी जायचो तसा. पायाही पडलो. जागा त्यांनीच दिली होती ना. 

पुढे मी कायम झालो. खोली मिळाली तेव्हा बहीण बघायला आली, कडेवर पोरगी घेऊन. खिडकीपाशी उभी राहून तिने बाहेर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. "उजेड चांगला शे," म्हणाली. मग पोरीला खाली ठेवत विचारलं, "त्या काठ्यास्नं काय व्हयनं?"

"साहेबांनी कडक दांडे घातले."

"मंग चेंडू चांगला जास का?"

"नाही."

ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मंग खरं सांगीसन तुले काय भेटनं, भाऊ?"

टोमणा असता तर मी उलटून काहीतरी बोललो असतो. पण ती खरोखरच विचारत होती आणि उत्तराची वाट बघत उभी होती.