शेगडीची हिरवी वायर

वर चार कॉइल आणि खाली ओव्हन असलेली ती विजेची शेगडी मला आजही जशीच्या तशी दिसते. खात्यात असताना खून पाहिले, दरोडे पाहिले. निवृत्तीनंतर त्यांतले बरेचसे पुसट झाले, ही शेगडी मात्र गेली नाही. या प्रकरणात कोणाला अटक झाली नाही, आरोपपत्र गेले नाही. तरी माझ्या हातून झालेले सर्वांत वाईट काम याच तपासात झाले, म्हणून ते लिहून ठेवतो आहे. नावे कोणाचीच देत नाही.

पालघरच्या पश्चिमेला किनाऱ्यावर मच्छीमारांचे एक गाव आहे. पावसाळा होता. मासेमारीला बंदी असल्यामुळे होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि पुरुष घरी बसून जाळी दुरुस्त करत होते. सकाळी पोलीस ठाण्यात खबर आली की गावातली एक वयस्कर बाई विजेचा धक्का लागून मयत झाली. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि एका महिला शिपायाला बरोबर घेऊन मी निघालो.

घरात तीनच माणसे. मयत बाई विधवा, सुकी मासळी विकणारी. मुलगा होडीवर जाणारा. सून उमरोळीकडची, वाडी-बागायत करणाऱ्या घरातली. ती बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची. ती मोठी शेगडी औद्योगिक वसाहतीतल्या एका कुटुंबाने बदली झाल्यावर विकायला काढली होती आणि हिने हौसेने घरी आणली होती. गावात तिला सगळे ‘सुनेची शेगडी’ म्हणत.

स्वयंपाकघरात बोंबलांचा ट्रे उलटा पडला होता. अंगणापासून शेगडीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. पंचनामा करताना दिसले की भिंतीतल्या प्लगजवळ केबलचे वरचे आवरण सोलले आहे आणि आतली हिरवी वायर कापली आहे. कापलेले टोक नायलॉनच्या बारीक दोऱ्याने घट्ट आवळून बांधले होते. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. शेगडीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत जावी आणि एमसीबीचा खटका पडावा, यासाठी ती असते. ती नसेल तर पत्र्यात आलेली वीज तिथेच थांबते आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहते. वायर तुटली नव्हती, कोणीतरी कापली होती. पंचनाम्यात मी ‘कापलेली’ असाच शब्द लिहिला.

दिवसकार्य व्हायच्या आधीच मयत बाईची धाकटी बहीण ठाण्यात आली. पालघरच्या बाजारात मासळी विकायची ती. रिकामी टोपली दाराशी ठेवली आणि बाकावर न बसता उभ्यानेच बोलायला लागली.

“साहेब, माजी भैन शॉकनी गेली नाय. तिला घालवली.”

“कोणी, मावशी?”

“सुनेनी. मी आरडाओरडा आयकून धावत गेले, तवा ती बटनापाशी उबी व्हती. हात बटनावर. डोल्यात पानी नाय का काय नाय.”

खबर देणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने जोडलेले एकत्र करून सांगतो. ते सुटे करणे हे पोलिसाचे काम. नव्या अंमलदारांना हे मी वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या दिवशी स्वतः केले नाही. कापलेली वायर, बटणावरचा हात आणि न रडणारी सून, एवढ्यावर मी मनात गुन्हा नोंदवून मोकळा झालो.

सुनेला चौकशीला बोलावले. सकाळी बोलवायचो, सूर्यास्ताआधी सोडायचो, महिला शिपाई समोर असायची. कायद्याने सगळे बरोबर होते. पण ठाण्याचा बाक रस्त्यावरून दिसतो. बाजाराला जाणाऱ्या गावच्या बायका तिला त्या बाकावर रोज बघत होत्या, आणि त्या बघतात हे मला माहीत होते.

“वायर कोणी कापली?” मी विचारले.

“मला म्हाईत नाय.”

“कारखान्यात काम करतेस. वायरीतलं कळत असेल.”

“मी खोकी चिकटवते, साहेब.”

“सासूशी भांडण होतं?”

“व्हतं. बोंबलावरून.”

मला हसू आले. “बोंबलावरून?”

“त्या वव्हनमदे बोंबील घालायच्या. पावसात सुका बोंबील सादलतो, मग गिऱ्हाईक घेत नाय. म्हनून मंद आचेवर ठेवायच्या. कदी कदी तर अर्दवट वालवलेलेच घालायच्या. खारं पानी खाली गलायचं. मी नको म्हनायचे. सारका खटका पडायचा.”

“म्हणजे तुझ्या शेगडीची नासाडी करत होती, म्हणून राग होता.”

“राग व्हता. राग आला म्हनून जो तो मारायला लागला, तर तुमच्या ठान्यात बसायला जागा पुरंल काय?”

“बटणावर हात का होता?”

“बंद केलं मी. त्यांना तशा धरल्या असत्या तर मी पन चिकटले असते.”

बटणाचे ती खरे बोलत होती. विजेला चिकटलेल्या माणसाला हात न लावता आधी मेन स्विच बंद करायचा, हेच बरोबर आहे. तेवढे भान त्या घाईत तिला राहिले, आणि तेच मी तिच्या विरोधात धरले. सारखा खटका पडायचा, हे तिने सांगितलेले वाक्य तर मी ऐकूनही ऐकले नाही. मला फक्त ‘राग’ ऐकू आला.

ती बाहेर गेल्यावर महिला शिपाई म्हणाली, “साहेब, तिने केलं म्हणून तुम्हाला संशय आहे, की ती रडत नाही म्हणून?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं ती कोणाची तरी वाट बघतेय. दार वाजलं की दर वेळी मान वर करते.”

याकडेही मी लक्ष दिले नाही.

मधल्या काळात विद्युत निरीक्षकांचा अहवाल आला. ओव्हनच्या तळाशी असलेल्या हीटरचे आवरण मिठाने खाल्ले होते आणि आतली वीज पत्र्यात उतरत होती. अर्थिंग जोडलेले असते तर खटका पडला असता. म्हणजे सगळा प्रश्न पुन्हा त्या हिरव्या वायरवर आला. मावशीचा जबाब पक्का करावा म्हणून मी तिला बोलावले. मुद्देमाल सीलबंद होता, म्हणून पंचनाम्याच्या वेळचे फोटो तिच्यापुढे ठेवले.

“ही बघा, मावशी, अशी कापून बांधलीय.”

तिने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग पहिल्यांदाच बाकावर बसली.

“ही गाठ कोनी बांदली?”

“तेच तर शोधतोय.”

“हे दोरीचं टोक उसवू नये म्हनून आवलतात तसं हाय. जाल्याचा दोरा हाय ह्यो. वाडीवालीला ह्ये जमनार नाय. तिला जाल्याचं भोक कंच्या हातानी धरायचं ते पन येत नाय, आमी हसतो तिला.” फोटो टेबलावर पालथा ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, “साहेब, माजी तक्रार ऱ्हाऊ द्या.”

तक्रार अशी राहत नसते. मी लगेच मुलाला बोलावले. तो आला तेव्हा त्याची बायको बाहेर बाकावर होती. तिच्याकडे न बघता तो आत आला. फोटो पुढे ठेवला. एक प्रश्न पुरला.

“मीच कापली. आय रोज बोलायची, खटका पडतो, बोंबील वाया जातात, तुजी बायको असली शेगडी आनते आन तू बगत बसतो. होडीच्या मोटारीचं मी करतो, म्हनून वाटलं येतं आपल्याला. हिरवी काडली आन खटका पडायचा थांबला. आय खूश झाली.”

“नंतर काही जाणवलं नाही?”

“हाताला मुंग्या यायच्या. म्हनून मी शेगडीपुडं लाकडाचा पाट ठेवला व्हता. त्यावर उबं ऱ्हायलं की काय नाय व्हायचं. त्या दिवशी आय पावसातून ट्रे घेऊन तशीच आली. पाटावर चडली नाय.”

“बायकोला माहीत होतं?”

“ती नको म्हनत व्हती. कंपनीत खटका पडला की मिस्त्री आल्याबिगर हात लावत नाय, म्हनाली.”

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नवरा स्वतः येऊन सांगेल म्हणून ती बाकावर बसून राहिली होती. तो रोज तिला ठाण्यात सोडायला यायचा आणि फाटकापासून परत जायचा.

इथपर्यंतचा तपास कसाही का होईना, खऱ्यापर्यंत पोहोचला होता. पुढे मी जे केले ते सांगायला मला इतकी वर्षे लागली. मावशी माझ्या टेबलाला धरून उभी राहिली. “भैन गेली, आता पोराला नका नेऊ. त्यानी आयला मुद्दाम मारली नाय.” मुलगा खाली बसून रडत होता. हयगयीने मृत्यूचे कलम त्याला लागू शकत होते. माझी नोकरी संपत आली होती. मला वाटले, एका घरात एवढे पुरे. अंतिम अहवालात मी लिहिले: ‘हिरवी वायर कोणी व केव्हा तोडली हे तपासात निष्पन्न झाले नाही.’ अकस्मात मृत्यू म्हणून कागद मंजूर झाले. मी दया केली असे मला त्या संध्याकाळी वाटत होते.

बाहेर येऊन सुनेला म्हणालो, “तुझ्यावर काही नाही. जा घरी.”

ती म्हणाली, “तसं लिवून द्याल?”

“लिहायची गरज नाही. केस बंद झाली.”

तिने माझ्याकडे पाहिले, पदर सारखा केला आणि गेली. पुन्हा काही मागितले नाही.

कोणी कापली हे निष्पन्न झाले नाही, याचा अर्थ गावाने आपल्या सोयीने लावला. पोलिसांना सिद्ध करता आले नाही, एवढेच. लग्नकार्यात तिला चुलीजवळ बसू देईनात. तिने वाढलेले ताट बायका बाजूला सारत. मावशी गप्प, नवरा गप्प. वर्षभरात ती उमरोळीला भावाकडे परत गेली. कुंभवलीला नवे काम धरले, तर सासरच्या गावची एक बाई तिथेही होती, आणि गोष्ट तिथेही पोहोचली. हे मला त्याच महिला शिपायाने एका लग्नात भेटल्यावर सांगितले. “साहेब, ती अजून ‘शेगडीवाली’च आहे,” एवढे बोलून ती जेवायला गेली.

गेल्या हिवाळ्यात मी उमरोळीला गेलो. ती अंगणात होती. मी ओळख दिली, चूक कबूल केली. तिने पाणी दिले आणि म्हणाली, “मला काय सांगता, साहेब? मी तितंच व्हते. त्यांना जाऊन सांगा.”

म्हणून किनाऱ्यावर गेलो. सकाळची वेळ होती, बायका वाळवणीच्या बांबूंवर बोंबील टांगत होत्या, मावशीही होती. मुलगा जवळच होडीला रंग देत होता. मी सगळ्यांसमोर सांगितले की वायर सुनेने कापली नव्हती, ते तपासात कळले होते आणि मी लिहिले नाही. मुलाने ब्रश खाली ठेवला. “मी कापली,” तो म्हणाला, “तिनी सांगितलं व्हतं कापू नको.” मावशीचे हात बोंबलावरच थांबले. एक म्हातारी म्हणाली, “मग इतकी वर्सं आमी तिला...” आणि वाक्य तसेच सोडले.

नंतर ठाण्यात लेखी निवेदन दिले, पोचपावती घेतली आणि प्रत तिला द्यायला पुन्हा उमरोळीला गेलो.

विजेची शेगडी आता घरोघरी आली आहे. या प्रकरणामुळे मी कोणाच्याही घरी गेलो की आधी तिचा प्लग बघतो. खटका पडतो तेव्हा तो खोड्या काढत नसतो, काहीतरी बिघडले आहे ते सांगत असतो. अशा वेळी खटक्याचे तोंड बंद करू नये, मिस्त्रीला बोलवावे. पत्र्याला हात लावून मुंग्या आल्या तर पाट ठेवू नये, शेगडीच बंद ठेवावी. ओव्हन शिजवण्यासाठी आहे, मीठ लावलेली ओली मासळी वाळवण्यासाठी नाही. सांडलेले खारट पाणी शेगडी बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर पुसावे, आणि ओल्या हातापायांनी जवळ जाऊ नये. समुद्राकाठच्या हवेत वायरी लवकर खराब होतात, म्हणून दर पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे. विजेची गळती पकडणारा ट्रिप स्विच साध्या एमसीबीहून वेगळा असतो, तो घरात आहे का ते विचारावे. त्या घरात तो नव्हता.

पोलीस म्हणून खरे शिकलो ते, निवेदनाची प्रत द्यायला गेलो त्या दिवशी, सुनेच्या ओट्यावर. तिने निवेदन सावकाश वाचले. मी लिहिले होते, ‘सदर महिलेचा या मृत्यूशी कोणताही संबंध नव्हता.’

“ह्यात माजं नाव कुटं हाय?”

मी म्हणालो, आमच्याकडे असेच लिहितात.

“चौकशीला बोलवायच्या कागदावर तर पुरं नाव व्हतं. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं.”

मी खिशातून पेन काढले. ‘सदर महिला’ खोडून तिचे पूर्ण नाव लिहिले. तिने पाहिले, अक्षर नीट लागत नाही म्हणाली. मी ते पुन्हा, सुटे सुटे करून लिहिले, खाली सही केली, आणि ठाण्यातल्या प्रतीवर तेच नाव घालायला त्याच दिवशी परत गेलो.